तीन शिक्के आणि उपाशी पिल्लू

खूप मागची गोष्ट आहे. तेव्हा आपल्या किनाऱ्यावरची गलबतं वाऱ्याच्या भरवशावर अरबांच्या मुलखात जायची आणि वारा फिरला की परत यायची. त्या मुलखात समुद्राकाठी एक शहर होतं. शहराला मातीचा उंच कोट होता, कोटाला एकच वेस होती, आणि वेशीत जकातदार वही उघडून बसलेला असायचा.

आपल्याकडचा एक हळदीचा व्यापारी त्या शहरात ये-जा करी. हळदीची पोती गलबतातून उतरवायची, उंटांवर लादायची, वाळवंटातल्या गावांत विकायची आणि खजूर, डिंक घेऊन परतायचं, हा त्याचा धंदा. उंट काही त्याचे नव्हते. ते तो एका म्हाताऱ्या उंटवाल्याकडून सहा महिन्यांच्या कराराने घ्यायचा. दहा वर्षं दोघांचा व्यवहार होता आणि दहा वर्षांत एकदाही आवाज चढला नव्हता. एका ताटात जेवणारी माणसं, बरं का!

त्या वर्षी तांडा परत आला तेव्हा त्यातल्या एका गाभण सांडणीचे, म्हणजे उंटिणीचे, दिवस भरले होते. वेशीपर्यंत आली आणि तिथंच बसली. पुढचे पाय वेशीच्या आत, मागचे बाहेर. कितीही हाकललं तरी उठेना. मागे उंटांची रांग लागली, लोक ओरडायला लागले. व्यापाऱ्याला घरच्या म्हशींची सवय होती. त्याने बाह्या वर केल्या, पिल्लाचे पाय धरले आणि हळूहळू त्याला बाहेर घेतलं.

पिल्लू मादी होतं आणि पांढरं स्वच्छ होतं. अंगावर एक काळा केस नाही. व्यापाऱ्याने आपल्या उपरण्याने तिला पुसलं. ती चारदा पडली, पाचव्यांदा उभी राहिली आणि आईला लुचायला लागली.

"कवडीसारखी आहे गं माझी बाय," व्यापारी म्हणाला. तेव्हापासून तिचं नाव कवडी पडलं.

तेवढ्यात उंटवाला धावत आला. पांढरी मादी बारा-बारा वर्षांत एखादी जन्मते आणि तिच्यासारखं पळणारं दुसरं जनावर नाही, हे त्याला ठाऊक होतं. राजाची माणसं शर्यतीसाठी अशी सांडणी शोधत फिरत.

"माझ्या सांडणीला मुलगी झाली!" तो दोन्ही हात वर करून म्हणाला.

व्यापारी हसतच म्हणाला, "चाचा, सहा महिने सांडणी माझ्याकडे आहे. तिचं दूध माझं, तिची लोकर माझी, असं करारात आहे. मग पिल्लू कुणाचं?"

"दूध लिहिलंय, लोकर लिहिलीय. पिल्लू कुठं लिहिलंय ते दाखव."

"तुमचं म्हणून तरी कुठं लिहिलंय? सहा महिने चारा मी घातलाय."

"चारा घातला म्हणून मालक झालास? दहा वर्षं तू माझ्या घरी जेवतोयस. मग मी काय तुझा बाप झालो?"

लोक हसले. ते हसले तिथंच बिघडलं. चारचौघांत हसं झालं की माणसाला माघार घेववत नाही. व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. आता कवडी हवी म्हणून नाही, म्हाताऱ्याला मिळू नये म्हणून हवी झाली.

जकातदार वहीवरून मान वर करून म्हणाला, "तुमचं राहू द्या. आधी मला सांगा, पिल्लू वेशीच्या आत जन्मलं की बाहेर? बाहेर जन्मलं असेल तर बाहेरून आलेला माल झाला. त्यावर जकात पडते."

"अहो, आईचं डोकं आत होतं," उंटवाला म्हणाला.

"डोक्याकडून कोण जन्मतं?"

पुन्हा लोक हसले. जकातदार वाईट माणूस नव्हता. पण वर्षाअखेर राजाचा कारभारी त्याची वही तपासायचा, आणि त्या कारभाऱ्याच्या नुसत्या आठवणीने त्याला घाम फुटायचा.

आता त्या शहरात एक रिवाज होता. ज्या मालावरून तंटा असेल तो माल सरकारी खोलीत ठेवायचा. दाराला दोर बांधायचा आणि जेवढे हक्क सांगणारे, तेवढे लाखेचे शिक्के त्या दोरावर लावायचे. दोन्ही बाजूंना पसंत असा लवाद निवडायचा आणि तो सांगेल ते ऐकायचं. निकालाआधी जो पहिला आपला शिक्का तोडेल त्याने आपला हक्क सोडला, असं धरायचं. रिवाज तसा चांगला होता. माल कुणी पळवू नये म्हणून शहाण्या माणसांनी तो केला होता. पण केला होता गालिच्यांसाठी आणि डिंकाच्या पोत्यांसाठी. गालिच्याला भूक लागत नाही.

दुपार व्हायच्या आत कवडीला आईपासून काढलं आणि खोलीत ठेवलं. दाराला तीन शिक्के लागले. एक व्यापाऱ्याचा, एक उंटवाल्याचा, एक जकातदाराचा. सांडणीवरून तंटा नव्हता, म्हणून सांडणी बाहेर राहिली.

व्यापाऱ्याने वकील केला. वकील मोठा हुशार. तो म्हणाला, "शेट, आता एक करायचं. त्या खोलीकडे फिरकायचं नाही. तिथं उभे राहून डोळे पुसलेत, तर समोरचा म्हणेल, ह्याला आपली बाजू लंगडी आहे हे कळलंय."

"पण तिला दूध..."

"दूध म्हणजे दार उघडणं. दार उघडणं म्हणजे शिक्का तोडणं. शिक्का तोडलात की संपलं. तिला भूक लागली तर म्हाताऱ्याला दया येईल. तो तोडेल. आपण थांबायचं."

उंटवाल्याच्या वकिलानेही त्याला हेच सांगितलं होतं.

दुसरा दिवस लवाद निवडण्यात गेला. व्यापाऱ्याने अत्तरवाल्याचं नाव घेतलं. उंटवाला म्हणाला, "तो तुझ्याकडून हळद घेतो." उंटवाल्याने मशिदीजवळच्या मौलवींचं नाव घेतलं. व्यापारी म्हणाला, "ते तुमच्या साडूचे भाऊ." जकातदाराने एका सावकाराचं नाव घेतलं, तर दोघंही एकदम ओरडले, "नको!" दोन दिवसांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

व्यापारी आपल्या मुक्कामाच्या सरायकडे निघाला. त्याने लांबचा रस्ता धरला, पण कसा कुणास ठाऊक, तो खोलीपाशीच आला. भिंतीला लागून सांडणी उभी होती. ती हंबरायची, मग कान टवकारून ऐकायची. आतून कालपर्यंत जोरात ओरडा यायचा. आज बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लाएवढा. दाराखालच्या फटीतून कवडीचं पांढरं नाक बाहेर आलं होतं आणि धुळीचा वास घेत होतं.

व्यापारी त्या फटीपाशी खाली बसला. त्याची बायको घरी बाळंतपणाला टेकली होती. गलबत सुटलं तेव्हा तिसरा महिना होता. मूल झालं असेल का, ते रडलं की त्याला कुणी उचलून घेत असेल का, बायकोला पान्हा फुटला असेल का, यातलं त्याला काहीही माहीत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "ते रडलं तर दाराला शिक्का नसू दे, देवा."

त्याने दोराला हात लावला. मग वकिलाचं बोलणं आठवलं. वेशीतलं हसू आठवलं. त्याने हात मागे घेतला.

पण तो तिथून उठून तडक उंटवाल्याच्या घरी गेला आणि दारातूनच म्हणाला, "चाचा, ह्या शहरात तुमचा नाही, माझा नाही, असा कुणीच नाही का?"

म्हाताऱ्याने दाढी कुरवाळली. मग म्हणाला, "दाई आहे. तिनं मला जगात आणलं, माझ्या मुलांना आणलं, जकातदाराला आणलं. ती सगळ्यांनाच सारख्या शिव्या देते."

"चालेल," व्यापारी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाई आली. पाठीत वाकलेली, काठी टेकत आली. दोन्ही वकील पुढे झाले. एकाने करार उलगडला, दुसऱ्याने घसा खाकरला.

दाईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने विचारलं, "पोरीनं शेवटचं दूध कधी प्यालं?"

तिघंही जमिनीकडे बघायला लागले.

"मुके झालात का रे?"

"परवा सकाळी," जकातदार हळूच म्हणाला.

दाईने काठी आपटली. "आणि तुम्ही मला करार वाचून दाखवणार? निकाल मी कुणाचा देऊ, त्या मढ्याचा? आधी तिला पाजा. मग मी दिवसभर ऐकते. हलवा हात, तोडा शिक्के."

"पण आजी, जो आधी तोडेल तो हरेल," उंटवाला म्हणाला.

"मग तिघं एकदम तोडा. मी मोजते."

तिघांनी आपापल्या शिक्क्यावर बोटं ठेवली. दाई म्हणाली, "एक. दोन. तीन."

एकाही शिक्क्याला तडा गेला नाही. तिघंही एकमेकांच्या बोटांकडे बघत उभे होते.

"मेल्यांनो," दाई म्हणाली, "तुमच्यातल्या दोघांना जगात आणताना मी इतकी घाई का केली?"

पण ह्या वेळी कुणी हसलं नाही. आतून आवाज येत नव्हता. दाराखालच्या फटीत नाकही नव्हतं.

व्यापाऱ्याने ते बघितलं आणि आपला शिक्का मुठीत धरून चुरडला. लाखेचे तुकडे जमिनीवर पडले.

"शेट, काय केलंत!" त्याचा वकील ओरडला.

"हरलो," व्यापारी म्हणाला. "लिहून घ्या. चाचा, कवडी तुमची. आता तुम्ही तोडा."

उंटवाल्याने शिक्का तोडला. उरला जकातदाराचा. तो वही छातीशी धरून उभा होता, कपाळावर घाम. "माझ्या वहीत काय लिहू?" तो रडवेला होऊन म्हणाला.

"बाहेर जन्मली असं लिही," उंटवाला ओरडला. "जकात मी भरतो!"

दाई म्हणाली, "हे परवा म्हणाला असतास तर?"

जकातदाराने तिसरा शिक्का तोडला आणि दार उघडलं.

कवडी कोपऱ्यात आडवी पडली होती. मान टाकलेली, पण पोट हळूहळू हलत होतं. तिला उभं करवेना. मग व्यापाऱ्याने तिला मांडीवर घेतलं, उंटवाल्याने सांडणीला दारात आणून धरलं आणि जकातदाराने वही बाजूला ठेवून ओंजळ पुढे केली. दाईने धार काढली. बोटावर दूध घेऊन ती कवडीच्या तोंडात घालत राहिली. पहिलं बोट गेलं, दुसरं गेलं, दूध ओठांतून परत यायचं. दाई शिव्या देत होती, व्यापारी "पी गं बाय, पी" म्हणत होता, आणि म्हातारा सांडणीच्या मानेत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटत होता.

कितव्या बोटाला कोण जाणे, कवडीने बोट चोखलं.

दाईने तिथंच, जमिनीवर बसून निकाल दिला. "ज्याने पहिला शिक्का तोडला त्याचा हक्क गेला. रिवाज आहे, मी तो मोडणार नाही. पिल्लू उंटवाल्याचं. व्यापाऱ्या, तू हरलास बाबा."

"माहीत आहे, आजी," व्यापारी म्हणाला. कवडी अजून त्याच्या मांडीवरच होती.

"दुसरं. आजपासून ह्या शहरात जिवंत वस्तूवरून तंटा झाला तर निकाल लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी तिला आळीपाळीने खाऊ-पिऊ घालायचं. घातलं म्हणून कुणाचा हक्क वाढणार नाही आणि घालू दिलं म्हणून कुणाचा जाणार नाही. लिही रे जकातदारा, तुझ्या वहीत एकदा तरी कामाचं लिही."

कवडी जगली. पण त्या दोन दिवसांनी तिच्या पुढच्या पायांतला जोर नेला तो परत आला नाही. दोन वर्षांनी राजाची माणसं तिला बघायला आली. त्यांनी तिला पळवून पाहिलं, एकमेकांकडे बघितलं आणि पाणीही न पिताच निघून गेली. ज्या पळण्यासाठी एवढं भांडण झालं, ते पळणं भांडणातच संपलं होतं.

म्हातारा मात्र तिला विकायला तयार झाला नाही. ती संथ चालायची, म्हणून शहरातल्या आया आपली लहान लेकरं बिनधास्त तिच्या पाठीवर बसवायच्या. उंटवाला तिचा दोर धरून पुढे चालायचा, आणि हळदीचा व्यापारी शहरात आला की तोही त्याच दोराला हात लावून बरोबर चालायचा. पुढच्या करारात दोघांनी सगळ्यात वर दाईचं वाक्य लिहून घेतलं. बाकीचा करार त्याच्याखाली.

तेव्हा लहान-थोर सगळ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: ज्या जिवावरून भांडण आहे त्याला आधी पोटभर भरवावं, मग खुशाल भांडावं.