देवकायची मूठ

आंबडखोल गावात सातेरी देवीच्या देवळासमोर एक काळा कातळ आहे. चार माणसे आडवी झोपतील एवढा लांबरुंद, आणि वर जेवणाच्या पाटासारखा सपाट. त्याच्या मधोमध एक खळगा आहे. खळगा मोठा नाही, एका मुठीत मावेल इतकेच मीठ त्यात राहते. पण आतून तो असा गुळगुळीत आहे की बोट फिरवणाऱ्याला ते काढून घ्यावेसे वाटत नाही. बाहेरगावची माणसे आली की तो बघून हटकून म्हणतात, हा भीमाचा अंगठा असणार. आपल्याकडे दगडात खड्डा दिसला की लोकांना भीमच आठवतो, त्याला कुणाचा इलाज नाही. मग गुरवांच्या घरच्या सत्यभामाकाकी पायरीवरून उठतात, पदर खोचतात आणि सांगतात, की ही भीमाबिमाची खूण नव्हे, ही आमच्या देवकायची मूठ. आणि पाहुण्यांना वेळ असो वा नसो, पुढची सगळी हकिकत त्यांना ऐकावीच लागते.

फार जुनी गोष्ट, असे सांगतात. आंबडखोलला तेव्हा पूल नव्हता. मिरग लागला की खालची नदी फुगायची आणि गाव चार महिने जगापासून तुटायचे. ना बाजार, ना भाजी, ना मासळी. सकाळ-संध्याकाळ नाचणीची किंवा तांदळाची पेज, आणि पेजेबरोबर मिठातला आंबा. चैत्र-वैशाखात कोवळ्या कैऱ्या उतरवायच्या, देठाचा चीक काढायचा, धुऊन-पुसून कोरड्या करायच्या, मडक्यात खडेमिठाचे थर देऊन भरायच्या आणि वर दगड ठेवून तोंड बांधायचे. हे मडके श्रावणात उघडले आणि आंबा टणक निघाला, तर आजाऱ्याच्या तोंडाला चव येई आणि बाळंतिणीच्या गळ्याखाली दोन घास उतरत. नासका निघाला, तर पुढचे दोन महिने नुसती पाणचट पेज.

कैऱ्या सगळ्या बाया निवडत, पुसत, वाळवत. पण मीठ घालण्याचा मान एकाच घराचा होता. देवकाय त्या घरची कर्ती बाई. उंच, हाडापेराने दणकट, आणि हात असे की तिने पाठीवर थोपटले तर लहान मूल झोपायच्या ऐवजी दचकून उठावे. घरोघरची मडकी आणि मीठ तिच्या माजघरात यायचे. ती दार लावून घ्यायची आणि एकटीच मीठ घालायची. मीठ घालताना कुणी बघू नये, कुणी बोलू नये, नाहीतर मडके नासते, असा नेम होता. तो कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

देवकायला एकच मुलगा, भिवा. त्याची बायको आवडू. घाटमाथ्याजवळच्या एका वाडीतली ही पोर लहानपणीच आईवेगळी झालेली, अंगाने काडी, आणि हात तर इतके इवले की बांगड्या भरताना कासाराने लहान पोरीच्या मापाच्या काढल्या होत्या म्हणे. लग्न होऊन आली त्या रात्री ती रडली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी रडली. कारण देवकायने तिला पुढ्यात बसवून केसांना तेल लावले, आणि आजवर तिच्या डोक्यावरून असा हात कुणी फिरवलाच नव्हता. त्या दिवसापासून ती सासूला ‘आये’ म्हणू लागली आणि तिच्या मागे मागे फिरू लागली. कैरी कुठली घ्यावी, देठ किती ठेवावा, फडक्याने पुसल्यावरही सावलीत किती वेळ वाळवावी, सगळे ती बघून बघून शिकली. मीठ घालायची वेळ आली, की तेवढी तिला दाराबाहेर बसावे लागे.

पुढच्या माघात देवकाय विहिरीवर पाय घसरून पडली. कंबरेचे हाड मोडले ते पुन्हा सांधले नाही. ती बाजेला खिळली. चैत्र आला, मडकी आली. देवकायने सुनेला जवळ बोलावले आणि कानात सांगितले, “एका मडक्याक सहा मुठी. दोन तळाक, दोन मधी, दोन वर. दार लावून घे. तोंडातून शब्द काढू नको, आणि मगे कोणाक सांगू नको.”

आवडूने अक्षर न् अक्षर पाळले. मोजून सहा मुठी. उलट काम झाल्यावर घरोघरच्या टोपल्यांत मीठ उरले, ते तिने इमानाने परत केले. देवकायच्या हातून कधी चिमूटभर परत आले नव्हते, त्यामुळे बायांनी तिचे कोण कौतुक केले! सून कशी, तर जपून वापरणारी. आवडू त्या दिवशी घरी येताना वाऱ्यावरून चालत आली.

श्रावणात मडकी उघडली. वर पांढरी साय धरलेली, आत आंबे लिबलिबीत, आणि वास असा की कुत्रेसुद्धा पुढे येईना. एक नव्हे, सगळ्या गावाची मडकी तशीच. त्या वर्षी लोकांनी पावसाला दोष दिला. दुसऱ्या वर्षी आवडूने कैऱ्या दोनदा पुसल्या, मडकी उन्हात तापवली, सातेरीला नारळ ठेवला आणि मोजून सहा मुठी मीठ घातले. पुन्हा तेच झाले. त्या पावसात एक बाळंतीण फार खंगली, तिच्या तोंडाला काही म्हणता काही लागेना. ती वाचली, पण बाया आवडूकडे बघून आता पाण्याच्या वाटेवर गप्प होऊ लागल्या. ज्यांनी जपून वापरणारी म्हणून वाखाणली होती, त्याच म्हणू लागल्या, “हिच्या हाताक गूण नाय.”

हे एक वाक्य बाईला आतून पोखरते. आवडू शेण सारवताना हात बघू लागली, भाकरी थापताना बघू लागली. आपल्या तळव्यात खरेच काही वाईट असेल, असे तिला वाटू लागले.

फाल्गुनात गावचे प्रमुख मानकरी, गावकर, चार माणसे घेऊन अंगणात आले. भिवा खाली मान घालून उभा होता. गावकर म्हणाले, “दोन वर्सां झाली. आता तिसऱ्या वर्सा बिघडला, तर मान दुसऱ्या घराक जातलो, आणि पोरगी बापाशीकडे. भिवान दुसरी करूची.”

आतून बाजेवरून देवकायचा आवाज आला, “माझ्या घरातलां माणूस खंय जातला, ता मी बघतलंय.” पण आवाजात पूर्वीची ताकद नव्हती, आणि गावकर ऐकल्या न ऐकल्यासारखे करून निघून गेले. आवडूला बापाचे भय नव्हते. बाप गरीब, पण भला होता. तिला भय एकच, की ही आये सुटेल. एकदा आई गेली तेव्हा ती फार लहान होती, कळत नव्हते. आता सगळे कळत होते.

तिसऱ्या वर्षी मडकी आली त्या दुपारी तिने दार लावले नाही. ती सासूच्या बाजेशी येऊन बसली आणि दोन्ही तळवे पुढे करून म्हणाली, “आये, माझ्या हातात काय वायट आसा, ता तुमीच बघा. माका कळणां नाय.”

देवकाय म्हणाली, “मडक्या हयसर आण. माझ्यासमोर मीठ घाल.”

“आये, कोणी बघल्यार नासतला.”

“दोन वर्सां कोणी बघूक नाय, तरी नासला. आता बघून नासांदे.”

आवडूने टोपलीत हात घातला, मूठ भरली, मडक्यात सोडली. ‘एक,’ ती मनात म्हणाली. दुसरी सोडणार तोच देवकायने तिचे मनगट धरले.

“ही काय?”

“मूठ.”

“कोणाची?”

“माझीच. तुमी सांगितलात तशी. सहा.”

देवकायने स्वतःचा उजवा हात टोपलीत घातला, मूठ भरून सुनेच्या ओंजळीत रिती केली. ओंजळ भरली आणि खडे खाली सांडले. देवकाय हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. “अगो बाये, माझी मूठ खंय आणि तुझी खंय! दोन वर्सां मी तुका भोगूक लावलंय.” तिने आवडूचा हात आपल्या हातात घेतला. तो मुठीत पार दिसेनासा झाला. दोन वर्षे आवडूच्या छातीवर बसलेले ओझे त्या क्षणी उतरले, आणि ती सासूच्या कुशीत तोंड खुपसून पोटभर रडली.

देवकायला गप्प बसता आले असते. दार लावून बारा मुठी घालायला सांगितले असते, तर मान राहिला असता आणि चूकही झाकली गेली असती. पण तिने भिवाला हाक मारली, बाज उचलायला लावली आणि सगळ्या मडक्यांसकट देवळासमोर नेऊन या कातळाशी ठेवायला सांगितली. गाव गोळा झाले. तिने सगळ्यांसमोर सांगितले, “दोष पोरीच्या हातात नाय. माझ्या सांगण्यात आसा. मी मुठी सांगितलंय, मूठ दाखवूक नाय. आजपासून मीठ हयसर घालूचा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.”

गावकर संतापले. नेम मोडला तर देवी कोपेल, म्हणाले. देवकायने त्यांच्याकडे बघितलेही नाही. ती बाजेवरून वाकली, उजवी मूठ आवळून कातळावर टेकवली आणि देवळाकडे तोंड करून म्हणाली, “माये, मी गेल्यार ही मूठ माझ्यावांगडा जळतली. माझ्यामागच्या पोरींनी मगे कोणाक विचारूचा? तू ती हयसर ठेवून घे. बदल्यात माझो हात ने.”

आणि कातळ भिजवलेल्या पिठासारखा खाली बसला, असे सांगतात. काहीजण म्हणतात, तसे काही नाही, पुढे पाऊस सरल्यावर भिवा रोज बाज कातळाशी आणून ठेवी आणि त्या दोघींनी गारगोटीने तो खळगा घासून घासून केला. सत्यभामाकाकींना हे विचारले तर त्या म्हणतात, दोन्ही खरे धरा, दगडाला काय फरक पडतो. पण एवढे मात्र सगळेच सांगतात, की त्या दिवसानंतर देवकायच्या उजव्या हाताची बोटे पुन्हा मिटली नाहीत. हात उघडा तो उघडाच राहिला. तिने देऊ केले तेवढे देवीने घेतले, म्हणे.

त्या वर्षी मीठ कातळावर मोजले गेले. टोपल्यांत काही उरले नाही. गावकरांनी मात्र श्रावणापर्यंत निवाडा राखून ठेवला, आणि आवडूने ते चार महिने कसे काढले हे तिचे तिलाच ठाऊक. तिने गाठोडे बांधून ठेवले नव्हते एवढेच. देवकायने बांधू दिले नव्हते.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी कातळाशीच पहिले मडके उघडले. गावकर स्वतः वाकले. वास आला तो स्वच्छ, आंबट-खारट, तोंडाला पाणी सोडणारा. आंबा हिरवट, टणक, बोटाने दाबला तर दबेना. गावकरांनी तो खाऊन बघितला आणि दुसरा उचलला. बाया हसल्या, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले. आवडू थांबली नाही. तिने एक आंबा वाटीत घेतला आणि धावत घर गाठले. देवकायच्या हाताला घास धरता येत नव्हता. आवडूने आंबा पेजेत कुस्करला आणि आपल्या इवल्या बोटांनी तिला भरवला. देवकायने घास घोळवला, डोळे मिटले आणि म्हणाली, “कोणी घातलो गो ह्यो आंबो?”

“आपण दोघींनी, आये.”

“नाय गो. तू घातलंस. माझ्यापेक्षा बरो झालो.”

त्यानंतर देवकाय सात पावसाळे जगली आणि सातही वर्षे आवडूच्या हातून जेवली, असे सांगतात. मान त्या घराकडे राहिला नाही. आवडूनेच तो सोडला. ज्याला मीठ घालायचे त्याने कातळावर यावे, मापून घ्यावे आणि घालावे, असे तिने म्हटले, आणि गावाने ते मानले.

आजही वैशाखात आंबडखोलच्या बाया कैऱ्या घेऊन कातळावर जमतात. नव्या सुनेने आधी आपली मूठ त्या खळग्यात ठेवायची. आजूबाजूला किती जागा उरते ते सगळ्यांनी बघायचे, हसायचे, आणि मग हात काढून खळगा मिठाने भरायचा. दार कुणीच लावत नाही. एवढे करूनही एखादीची बरणी कधी बिघडते, माणसाचे काम आहे ते. पण त्या गावात हाताला गुण नाही असे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकू येणार नाही. बिघडलेली बरणी घेऊन ती बाई कातळावर येते, तेव्हा तिला कुणी काही विचारत नाही. जिने तिला शिकवले तिला पुढे बोलावतात, आणि गावातली सगळ्यात म्हातारी बाई तिला विचारते, “दाखवलंस, काय नुसता सांगितलंस?” उत्तर काहीही असो, शिकवणारीने आपल्या बरणीतले अर्धे आंबे जिची बरणी बिघडली तिला काढून द्यायचे असतात.