रिकामे डबे

“मग तुमची गन मला कधी देणार, उस्ताद?”

सन एकोणीसशे शहाण्णव, फाल्गुन पौर्णिमेची संध्याकाळ. उन्हाळा नुकता लागला होता. मिरजेच्या नाक्यावर इब्राहिम उस्तादांचं ट्रक रंगवायचं गॅरेज. बाळगोंडा तिथं बारा वर्षं राबला होता. त्या धंद्यात उस्ताद आपली रंग मारायची गन ज्याच्या हातात देईल, त्यानंच स्वतःचं गॅरेज उघडावं, अशी रीत. बाळगोंडानं जागा बघून ठेवली होती. गन मात्र अजून उस्तादांच्या भिंतीवरच्या खिळ्यालाच टांगलेली होती.

उस्ताद फडक्यानं हात पुसत राहिले.

बाळगोंडाला ते लागलं. ठेवणीतलं बाहेर आलं.

“माझ्या वडिलांनी तुम्हाला आगीतून ओढून काढलं. हात भाजून घेतला. विसरलात?”

“नाही. म्हणूनच देत नाही.”

बाळगोंडाला यातलं काही कळलं नाही. त्या आगीचं त्याला एवढंच ठाऊक होतं की चहाच्या स्टोव्हजवळ ठेवलेला स्प्रेचा डबा फुटला आणि उस्तादांचा डावा कान गेला.

गॅरेजसमोर होळी पेटली होती. वर्षभराची खोकी, रंगाची फडकी त्या दिवशी होळीत जायची. बाळगोंडा रागारागानं आत गेला आणि वापरलेल्या स्प्रे-डब्यांचं पोतं उचलून आला. जास्त मावावेत म्हणून काही त्यानं हातोडीनं चेपले होते.

“हे कुठं?” उस्तादांनी विचारलं.

“होळीत. रिकामे आहेत.”

उस्तादांनी पोत्यातला एक डबा काढला, त्याच्या हातात दिला. आगीपासून लांब नेऊन दाबायला सांगितलं.

फुस्स...

“नुसती हवा आहे, उस्ताद. रंग संपलाय.”

“बरं.”

उस्तादांनी स्टूल ओढलं. होळीच्या अगदी जवळ ठेवलं. बसले. लुंगी सावरली.

“टाक.”

“आधी तुम्ही सरका.”

“का? रिकामे आहेत ना?”

ज्वाळा उस्तादांच्या दाढीवर हलत होत्या. बाळगोंडाच्या हातातलं पोतं जड झालं. पुढचं पाऊल काही पडेना. शेवटी तो मागं फिरला आणि पोतं भिंतीआड, सावलीत ठेवून आला.

मग काय करायचं, हे त्यानं खालमानेनं विचारलं. उस्तादांनी थोडक्यात सांगितलं. डबा कामातच संपवायचा, आवाज थांबेपर्यंत. हातोडी नाही, खिळा नाही, ऊन नाही. झाकण लावून वेगळ्या खोक्यात ठेवायचा. कुपवाडच्या कारखान्यात यंत्रानं उरलेला वायू काढतात आणि पत्रा वितळवतात. त्यांच्याच टेम्पोत द्यायचा.

गनचं नाव त्या दिवशी दोघांनीही काढलं नाही.

रंगपंचमी झाली. एका दुपारी भंगारवाला आला. डब्यांचं खोकं बघून खूश झाला, इथंच ठोकून चपटे करतो म्हणाला. त्यानं हातोडी उचलली.

बाळगोंडानं त्याचं मनगट धरलं.

“ठेव खाली.”

“अरे, रिकामे डबे आहेत. घाबरतोस काय बायकांसारखा?”

“हो, घाबरतो. हे टेम्पोत जाणार. तू ते जुने पत्रे ने.”

भंगारवाला हसला, पत्रे घेऊन गेला. बाळगोंडा खोकं सावलीत आणखी आत सरकवून वळला, तर उस्ताद मागंच उभे. खिळा मोकळा होता. त्यांनी गन त्याच्या हातात ठेवली.

“तुझ्या बापाचं ऋण आज फिटलं. आता तू आगीत सापडणार नाहीस.”