नळीची भूक

“सरक बाजूला, म्हातारे! माझी वीज अडवतेस आणि वर स्वतःच तापून बसतेस!” काचेची नळी गुलाबी उजेडात कडाडली. प्रयोगशाळेला काळे पडदे असायचे, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. नळीच्या पोटात विरळ वायू होता, आणि तिच्याकडे येणारी वीज आधी तारेच्या एका जुन्या गुंडाळीतून यायची.

“पेलेल तेवढीच देणार,” गुंडाळी म्हणाली.

“मला पेलायचं शिकवतेस? पेटायलाच काय तो जोर लागतो. पुढे जितकी जास्त वीज प्यावी तितका जोर कमीच लागतो मला. ताकद म्हणतात याला!”

नळी थापा मारत नव्हती, बरं का. तसंच होत होतं, आणि भीती त्याचीच होती.

“ताकद कसली, बये? ती भूक आहे. प्यायल्याने वाढणारी. तुझं तुला थांबता येत नाही.”

“जळतेस माझ्या उजेडावर! तुझी दोन टोकं एकमेकांना टेकव, वीज थेट येऊ दे. मग बघ, सूर्यासारखी तळपते की नाही!”

नळीचा उजेड थरथरला. त्याच्या मधोमध एक पट्टा काळाच होता, आत कुणी उभं असावं तसा. त्या थरथरत्या उजेडात समोरच्या कपाटात आडवी पडलेली दुसरी नळी दिसली. तोंड काजळलेलं, काच वितळून ओघळलेली.

“ती कोण गं?” नळीने पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं.

“तुझी थोरली बहीण,” गुंडाळी म्हणाली. “तिच्यासाठी मी सरकले होते बाजूला.”