धामणबाईंची शाळा आणि पायांचा हिशेब

जंगलात शाळा होत्या आणि त्यांना सरकारी शिधाही मिळायचा, त्या काळातली ही गोष्ट. पोरं शाळेत पायांनी येतात, म्हणून सिंहमहाराजांचा कारभारी बगळा प्रत्येक शाळेतले पाय मोजून शिधा ठरवायचा. गोममास्तरांच्या शाळेत पोरं मोजून चार, पण शिधा गाडीभर. धामणबाईंच्या शाळेत सापांची पोरं खंडीभर, शिधा मात्र शून्य!

धामणबाई तणतणत दरबारात गेल्या. “साहेब, माझी पोरं उपाशीपोटी पाढे म्हणतात!”

“नियम सगळ्यांना सारखा, बाई,” बगळा सवयीप्रमाणे एका पायावर उभा राहून म्हणाला. “माझासुद्धा शिधा पायांवरच ठरतो.”

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्या सिंहाकडे वळल्या. “महाराज, मग यांना एकाच पायाचा शिधा द्या.”

सिंहानं बगळ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

बगळा किंचाळला, “अहो, दुसरा पाय आहे ना! पोटाशी धरलाय, दिसत नाही एवढंच!”

“अस्सं! दिसत नाही तेही मोजायचं असतं होय?” धामणबाई म्हणाल्या. “मग आमच्या पोरांची भूक मोजा की, साहेब!”