रणधवल महाराजांची हिरवळ

म्हाळसा कासारणीचा हंडा विहिरीवरून रिकामाच परत निघाला.

"अरे, घरात ओली बाळंतीण आहे. तान्ह्याच्या आंघोळीपुरतं तरी घेऊ दे!"

पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. "आधी हिरवळ! तिचं पोट भरलं की मग माणसं. महाराजांचा हुकूम आहे."

त्याचं असं झालं. रणधवल महाराज एका दूरच्या राजाकडे पाहुणचाराला गेले आणि त्याच्या महालापुढचं मखमली गवत डोळ्यांत भरून परतले. आल्या आल्या त्यांनी नवी पेठ वसवली. घर केवढं? दोन खणांचं. पुढची हिरवळ केवढी? घर हरवेल एवढी! तिच्यावर चालायचं नाही, बसायचं नाही, शेळी बांधायची नाही. एका म्हाताऱ्याने कोपऱ्यात चार वांगी लावली, तर राज्याची शोभा बिघडवली म्हणून ती उपटून टाकली. वैशाखात विहिरीने तळ दाखवला. पेठेतली माणसं सुकली. गवत मात्र कसं टवटवीत!

म्हाळसा तडक दरबारात गेली.

"महाराज, पेठेची शोभा काय वर्णावी! पाहुणे येतात, हिरवळ बघून डोळे निववतात. मग पाणी मागतात. आम्ही त्यांना पुन्हा हिरवळच दाखवतो!"

दरबारात खसखस पिकली. महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"फार जीभ चालते तुझी! ठीक आहे. हिरवळीने 'पुरे' म्हटलं, की त्या क्षणापासून विहीर तुमची. म्हणवून घे तिच्याकडून! उद्या सकाळी आम्ही जातीने ऐकायला येतो. नाही बोलली, तर लेकीसुनांसकट पेठ सोडायची!"

"गवताला बोलतं करणार म्हणे!" दिवाणजी पोट धरून हसले.

घरी येताना म्हाळसा स्वतःवरच चिडली. जीभ चालवून मोकळी झाले. आता बाळंतिणीला घेऊन कुठल्या झाडाखाली जाऊ? ओट्यावर बसून ती बराच वेळ गवताकडे बघत राहिली. मग एकाएकी तिला हसू फुटलं.

सकाळी महाराज लवाजम्यासह आले. सारी पेठ गोळा झाली.

"महाराज, गवताचा आवाज फार नाजूक," म्हाळसा म्हणाली. "उभ्याने ऐकू यायचा नाही. जमिनीला कान लावावा लागेल."

"मी लावतो!" दिवाणजी पुढे सरसावले.

"तुम्ही? दिवाणजी, तुम्हाला शेजारी उभी असलेली माणसं ओरडली तरी ऐकू येत नाही!"

महाराजांनी स्वतःच गुडघे टेकले आणि गवताला कान लावला.

"पहारेकरी दादा, आणा पाणी! हुकुमाप्रमाणे आधी हिरवळीचं पोट भरू."

म्हाळसाने पहिली घागर ओतली. महाराजांचा कान गार झाला.

"काही म्हणाली?"

"अजून नाही."

"तहान मोठी दिसते!" तिने दुसरी घागर ओतली. पाणी अंगरख्यात शिरलं. तिसरीने मिशा भिजून लोंबू लागल्या. चौथी थेट नाकातोंडात गेली.

"पुरे!" महाराज फुरफुरले. "पुरे गं बाई, पुरे!"

म्हाळसाने घागर खाली ठेवली. "मंडळी, ऐकलंत ना? हिरवळीतून आवाज आला!"

"अगं, ते मी म्हणालो!"

"मग दुसरं कोण म्हणणार, महाराज? हिरवळ हवी होती तुम्हाला. तहान होती ती तुमच्या हौसेची. बिचाऱ्या गवताने पाणी कधी मागितलंच नव्हतं, ते 'पुरे' तरी कशाला म्हणेल?"

महाराजांनी मिशा पिळल्या, तिच्याकडे पाहिलं आणि असे खदखदून हसले, की उठता उठता घसरून पुन्हा त्याच मखमलीवर बसले!

"विहीर तुमची!" ते तिथूनच ओरडले. "दिवाणजी, दवंडी पिटा! घरटी हिरवळ फक्त सुपाएवढी. उरलेल्या जागेत वांगी लावा, मेथी लावा, नाहीतर खाट टाकून झोपा!"

"पण महाराज," दिवाणजी चाचरले, "सूप कुणाच्या घरचं धरायचं?"

"ज्याच्या घरचं सर्वांत लहान असेल त्याच्या!" असं म्हणून महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून म्हाळसाच्या हातात ठेवलं आणि ते पुन्हा हसत सुटले.