मेण्यातला वैद्य

त्या राज्यात सरळ चालायला बंदी होती. खेकड्यांनी बांधलेल्या नव्या राजवाड्याचे बोळ तिरक्या चालीपुरतेच रुंद होते, आणि कोणी सरळ चालीच्या जुन्या राजवाड्याचे नाव काढले की प्रधान खेकडा नांगी आपटत असे.

भुरी मुंगशी ही तिथल्या बाळघराची कारभारीण. एका वर्षी खेकड्यांच्या पिलांची कवचे मऊ पडू लागली. त्यावरचा लेप कासववैद्यांच्या घराण्याला ठाऊक होता. थोरला, मधला, धाकटा असे तिघे वैद्य. तिघांचे नाव एकच, विद्या मात्र निरनिराळी. हवा तो वैद्य हजर करणे हे मुकादम कावळ्याचे काम.

भुरीने वेशीवर असा एक कावळा नेमला. त्याने धाकट्याला आणले, कारण तिरके चालायला तेवढा तोच शिकला होता. त्याच्या लेपाने कवचे आणखीच भुसभुशीत झाली. दोन पिले गेली.

"थोरल्याला आण," भुरी म्हणाली.

"या नावाचा थोरला कोणी नाहीच, बाई," कावळा शपथेवर म्हणाला.

दाराशी बसणारी म्हातारी गोगलगाय सारे ऐकत होती. ती कुजबुजली, "थोरला जुन्या राजवाड्याचा, सरळ चालणारा. इथल्या कावळ्याला तिरके चालणारेच दिसतात, तो दिसायचाच नाही. आधी मागच्या दारच्या मेण्यात बस, मग आतूनच दुसरा कावळा नेम."

मेण्याला आतून जुन्या राजवाड्याच्या भिंती रंगवल्या होत्या. आतल्याने सरळ पाऊल टाकले की बाहेरचे आठ भोई खेकडे तेवढेच तिरके सरकत. शिळा रंग आणि आंबलेला घाम यांच्या वासाने भुरीने नाक दाबून घेतले. तरी तिने आत बसून कावळा नेमला. पहिल्याचेच नाव, पहिल्याचीच चोच. त्याने एक हाक मारली आणि थोरला हजर झाला.

"हा आपला जुनाच राजवाडा ना गं, पोरी?" भिंत चाचपत म्हाताऱ्याने विचारले.

"हो, वैद्यबाबा." तो 'हो' तिच्या जिभेवर खवट शेंगदाण्यासारखा राहिला.

मेणा धापा टाकत बाळघराशी पोचला. थोरल्याने आतच लेप घोटला, आणि भुरीने पडद्याखालून एकेक पिलू त्याच्यापुढे सरकवले. चौथ्या दिवशी कवचे टणक होऊन वाजू लागली, तशी थोरल्याची मागच्या दारानेच पाठवणी झाली.

प्रधानाने दवंडी पिटवली: नव्या राजवाड्यात, नव्या विद्येने पिले वाचली! थोरल्याचा उल्लेख कुठेच नव्हता, गेलेल्या दोन पिलांचाही नव्हता. भुरीच्या गळ्यात मात्र हार पडला.

तो उकिरड्यावर फेकायला ती मागच्या दारी गेली, तर मेणा डुलत होता. भोई घामाघूम होऊन तिरके सरकत होते. वैद्यबाबा परत आले की काय, म्हणून तिने पडदा उचलला.

आत प्रधान खेकडा होता. डोळे मिटून, सुखाने, नाकासमोर चालत होता.