झऱ्यापाशी थांबणारी गाडी

चार डिसेंबर, सकाळी दाट धुकं. गाड्या बोलत असत त्या काळातली ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या दवाखान्यात एक जुनी गाडी होती, तिच्या जोडीला नवी आली. डॉक्टर खोतबाई म्हणाल्या, "दोघींना पोसणं जमायचं नाही. आज खालच्या गावातून वर या. जी सरस ठरेल ती राहील."

"आजी, दमलात तर हाक मारा," म्हणत नवी भुर्रकन पुढे गेली. अर्ध्या चढावर जुनीचं इंजिन तापलं, तशी ती नेहमीप्रमाणे झऱ्यापाशी पाणी प्यायला थांबली. तिथे एक पोटुशी बाई आणि तापाने फणफणलेलं पोर घेतलेला बाप उभे होते.

"मघाची गाडी थांबलीच नाही," बाप म्हणाला. दोघं जुनीत बसले.

नवी अर्धा तास आधी पोचली होती, तीही निम्म्या पेट्रोलमध्ये.

"जिंकलीस पोरी," जुनी म्हणाली. "पण झऱ्यापाशी थांबत जा."

"मला कुठे तहान लागते?"

"गाडी तिथे थांबते, हे माणसांना ठाऊक आहे."

शनिवारी जुनी गाडी विकली गेली. सोमवारी नवी गाडी झऱ्यापाशी थांबली. तिघं जण चढले.